चिमूटभर शी आणि त्यानंतरच्या सुया

अपुऱ्या दिवसांच्या, जेमतेम किलोभर वजनाच्या बाळाच्या डायपरमधून चिमूटभर शी घ्यायची, प्रयोगशाळेत पाठवायची आणि आतडं कुजायला लागलंय का, हे एक्स-रेच्या आधी सांगायचं. सुई नाही, रक्त नाही, किरणोत्सार नाही. नवजात अतिदक्षता विभागातल्या (एनआयसीयू) सर्वांत धास्तीच्या आजारासाठी अशा न टोचता होणाऱ्या तपासण्या गेली पंधरा-वीस वर्षं ‘येऊ घातल्या’ आहेत. त्यांची बाजू मांडणारे दर वेळी तेच सांगतात: आजार लवकर कळला की जीव वाचतील, तपासणीने बाळाला इजा काहीच नाही, मग ती प्रत्येक एनआयसीयूत का नको?

ऐकायला बिनतोड वाटतं. पण लवकर कळल्याने जीव वाचतात, हे या आजारापुरतं या तपासण्यांनी अजून सिद्ध केलेलं नाही. आणि इजा नाही म्हणायचं तर ती मोजायची कधी, हेही सांगायला हवं. डायपर बदलताना मोजली तर शून्यच भरेल. रिपोर्ट हातात पडल्यानंतरच्या आठवड्यात त्या बाळाचं काय काय झालं, ते धरून मोजली तर हिशेब निराळा निघतो. समर्थक हा दुसरा हिशेब मांडतच नाहीत.

आजाराचं नाव नेक्रोटायझिंग एन्टरोकोलायटिस. वॉर्डात नुसतं ‘एनईसी’. दीड किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या शंभर बाळांपैकी साधारण पाच ते दहा बाळांना तो गाठतो. आतड्याला सूज येते, जंतू भिंतीत शिरतात, तिथे वायूचे बुडबुडे धरतात, आतडं काळं पडतं आणि शेवटी फाटतं. ज्यांना होतो त्यांच्यातलं चारांमागे एक बाळ दगावतं. शस्त्रक्रियेची पाळी आलेल्या अगदी लहान बाळांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जातं. वाचलेल्यांपैकी काहींचं आतडं इतकं आखूड उरतं, की महिनोन्‌महिने शिरेतून पोषण द्यावं लागतं. त्यात वेळ अशी वाईट, की अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ पहिले धोके पार करतं, दूध घेऊ लागतं, आईबापांना जरा धीर येतो, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोट फुगतं.

आता पोट फुगतं म्हणजे नेमकं काय होतं? नर्स मोजपट्टी बाळाच्या पाठीखालून अलगद सरकवते, बेंबीच्या वर घेर घेते आणि तक्त्यावर लिहिते. सकाळी साडेएकवीस सेंटिमीटर होता, दुपारी तेवीस. पुढच्या दुधाआधी पोटातल्या नळीला सिरिंज लावून ओढलं तर दोन मिली दूध परत आलं, आणि त्याला हिरवट झाक आहे. ही एनईसीची सुरुवात असू शकते. श्वासाच्या यंत्रातून पोटात गेलेली हवा असू शकते. दोन दिवस शी झाली नाही, एवढंच असू शकतं. रक्तात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. एक्स-रेची प्लेट बाळाच्या काचेच्या पेटीत सरकवून फोटो काढला, तर ‘आतड्यांत वायू जास्त’ यापलीकडे त्यात काही नाही. रात्रपाळीचे डॉक्टर यायच्या आत ठरवायचं असतं: दूध चालू ठेवायचं की ‘एनपीओ’ (तोंडाने काही नाही) लिहायचं? या घडीला खात्रीची तपासणी हाताशी असावी, असं कुणाला वाटणार नाही? समर्थकांची गरज खरी आहे. वाद त्यांच्या दाव्याशी आहे.

कोणतीही नवी तपासणी अचूक की चुकीची, हे आधीच्या एखाद्या खात्रीच्या निदानाशी ताडून ठरतं. एनईसीत ते खात्रीचं निदानच डळमळीत आहे. आजही जगभर वापरली जाते ती मार्टिन बेल यांची प्रतवारी. सेंट लुईसमधल्या ४८ बाळांच्या अनुभवावर बेतलेली, १९७८ साली छापलेली. तिचे तीन टप्पे: संशयित, निश्चित, गंभीर. १९८६मध्ये वॉल्श आणि क्लिगमन यांनी तिला आणखी पोटटप्पे पाडले. बेल यांना ठरवायचं होतं ते कोणाला औषधांवर ठेवायचं आणि कोणाला ऑपरेशन टेबलावर घ्यायचं, एवढंच. आजाराची व्याख्या करायला ते बसले नव्हते. तिचा ‘संशयित’ टप्पा तर असा सैल आहे, की अपुऱ्या दिवसांचं कुठलंही कुरकुरणारं बाळ त्यात बसेल. फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ न्यू वर्षानुवर्षं सांगत आले आहेत, की एनईसी या एका नावाखाली निरनिराळे आजार कोंबले गेले आहेत. आतड्याला आपोआप पडणारं एकटं छिद्र हा त्यातला ठळक नमुना. तिथे आतडं कुजलेलं नसतं, बाकीचं आतडं निरोगी असतं. पण पोटात मोकळी हवा दिसली की नोंद बऱ्याचदा एनईसीच्याच खात्यावर जाते. मग अशा खात्याशी ताडून एखाद्या तपासणीची अचूकता नव्वद टक्के ठरली, तर ती नव्वद टक्के कशाची?

उदाहरण चांगल्या अभ्यासाचंच घ्यावं. वाईट अभ्यास झोडपण्यात काय पुरुषार्थ? २०१९च्या नोव्हेंबरात जामा नेटवर्क ओपन या नियतकालिकात न्यू ऑर्लिन्सच्या लुइझियाना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. आतड्याच्या अस्तरावर अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं विकर असतं. जंतूंचं विष निष्प्रभ करणं हे त्याचं एक काम. अस्तर खराब झालं की ते झडून शीमध्ये उतरतं, पण त्याची काम करण्याची ताकद उतरलेली असते. शीमध्ये हे प्रथिन जास्त आणि त्याचं काम कमी, ही जोडी एनईसीच्या बाळांत ठळक दिसली, आणि आतड्याबाहेरच्या जंतुसंसर्गात तशी दिसली नाही. कल्पना सुरेख, काम नीटनेटकं. अभ्यासात १३६ बाळं होती: २५ गंभीर एनईसीची, १९ संशयित, ९२ एनईसी नसलेली, तुलनेसाठी.

म्हणजे आजारी किंवा संशयित बाळं दर तिनांत जवळजवळ एक. खऱ्या वॉर्डात ती शंभरात पाच ते दहा असतात. या एका फरकाने सगळं गणित बदलतं आणि बातम्यांमधून नेमका हाच फरक गळतो.

गणित सोपं आहे, कागदावर करून पाहण्यासारखं. समजा, एक हजार बाळं आहेत आणि त्यांपैकी ५० जणांना एनईसी होणार आहे. तपासणी दोन्ही बाजूंनी नव्वद टक्के बरोबर, म्हणजे दहा आजाऱ्यांत नऊ पकडते आणि दहा निरोग्यांत नऊ सोडते. पन्नासांतली ४५ पकडली, पाच निसटली. उरलेल्या ९५० निरोग्यांपैकी ९५ जणांवर खोटा शिक्का बसला. ‘आजार आहे’ असे १४० कागद निघाले आणि त्यांत खरे ४५. तिसरा हिस्सादेखील नाही. बरं, धोक्याचा काळ कित्येक आठवड्यांचा असल्यामुळे एकदा तपासून भागत नाही. दर आठवड्याला एक याप्रमाणे चारदा तपासलं आणि दर वेळची चूक स्वतंत्र धरली, तर तीन निरोगी बाळांमागे एकाला कधी ना कधी खोटा इशारा मिळणार.

खोटा इशारा मिळाला तर मिळाला, पुन्हा तपासू, असं म्हणायची सोय इथे नाही. कागदावर ‘पॉझिटिव्ह’ दिसलं की दूध बंद. पोटातली नळी उघडी सोडायची. रक्ताचं कल्चर घ्यायचं, म्हणजे सुई. दोन-तीन अँटिबायोटिक्स सुरू, त्यासाठी शिरेत सलाईन, म्हणजे आणखी सुई. दूध नाही म्हणून शिरेतून पोषण, त्यासाठी मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी. ती नळी जितके दिवस राहील तितका रक्तात जंतू शिरण्याचा धोका. दर सहा-आठ तासांनी एक्स-रे. संशयावर हे दोन-तीन दिवस चालतं, निदान पक्कं मानलं तर सात ते चौदा दिवस. न टोचता झालेल्या तपासणीची ही टोचणी आहे, आणि वरच्या हिशेबातल्या त्या ९५ बाळांना ती विनाकारण भोगावी लागते.

हे नुकसान सुयांच्या दुखण्यापुरतंही नाही. २००९ साली कॉटन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १९ केंद्रांतल्या, एक किलोपेक्षा कमी वजनाच्या ४,०३९ बाळांच्या नोंदी तपासल्या. जन्मानंतर कल्चर निर्जंतुक असतानाही ज्यांना पहिली अँटिबायोटिक्स पाच किंवा अधिक दिवस दिली गेली, त्यांच्यात पुढे एनईसी किंवा मृत्यू यांचं प्रमाण जास्त आढळलं. नोंदींवरून काढलेला निष्कर्ष असल्यामुळे कार्यकारण पक्कं म्हणता येत नाही, तरी दिशा काळजी करण्याजोगी आहे. आतड्यातली जंतूंची घडी विस्कटली की आजाराला वाट मिळते, हे बाकीच्या पुराव्याशीही जुळतं. एनईसीच्या धास्तीने दिलेलं औषध एनईसीलाच आमंत्रण देत असेल, तर खोट्या इशाऱ्यांची किंमत ‘थोडी जास्तीची खबरदारी’ या खात्यात टाकता येणार नाही.

दूध रोखण्याचंही तसंच. दूध हळूहळू वाढवलं की आतडं सुरक्षित राहतं, ही वॉर्डातली जुनी समजूत. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २,८०४ बाळांवर ती कसाला लावली गेली. एका गटाचं दूध रोज किलोमागे १८ मिलीने वाढवलं, दुसऱ्याचं ३० मिलीने. २०१९मध्ये निकाल आला तेव्हा एनईसीच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नव्हता. मग दूध अडवून ठेवल्याने बाळ वाचतं, ही खात्री कुठून आली?

समर्थकांचा सगळ्यात वजनदार शब्द म्हणजे ‘लवकर’. लवकर कळलं तर काय कराल, असं त्यांना विचारून पाहावं. एनईसीवर नेमकं असं औषध नाही. दूध बंद, पोट मोकळं, अँटिबायोटिक्स, आणि बिघडलं तर सर्जन. हे तर पोट फुगल्याबरोबर आजही सुरू होतं, कुठल्याही विकराची वाट न पाहता. दोन दिवस आधी कळलं म्हणून हेच उपचार दोन दिवस आधी सुरू केले, तर आजाराची चाल थांबते का? याचा पुरावा मागितला की उत्तरादाखल अचूकतेचे आकडे पुढे केले जातात. निदान लवकर झालं याचा अर्थ बाळ वाचलं असा होत नाही.

शिवाय एक अगदी घरगुती अडचण. आतडं आजारी पडलं की त्याची हालचाल मंदावते. शी होत नाही! जिच्या जिवावर तपासणी, ती नेमकी हवी त्या दिवशी डायपरमध्ये नसते. लघवीतलं आय-एफएबीपी हे प्रथिन या बाबतीत बरं, कारण लघवी होतच असते. पण ते आतड्याच्या पेशी मरायला लागल्यावर वाढतं, म्हणजे इशारा येतो तेव्हा बिघाडाला सुरुवात झालेली असते. शीमधलं कॅलप्रोटेक्टिन हे सूज दाखवणारं प्रथिन तर निरोगी नवजात बाळांतही मुळातच इतकं चढं आणि इतकं वरखाली होणारं, की धोक्याची रेघ कुठे मारायची यावर एकमत होत नाही.

एवढं म्हटल्यावर समर्थक विचारतील, की एक्स-रे तरी कुठे धड आहे? प्रश्न रास्त आहे. आतड्याच्या भिंतीतले बुडबुडे एका डॉक्टरला दिसतात, दुसऱ्याला तीच शी वाटते. अगदी कमी दिवसांच्या बाळांत बुडबुडे बऱ्याचदा दिसतही नाहीत. पण जुनं साधन लंगडं आहे एवढ्यावर नव्याला धावता येतं, असं कुणी धरून चालू नये.

आणि निदान खरोखर निर्णय फिरवतं, अशी एक जागा आहेच. आतडं फुटलेल्या, किलोभर वजनाच्या बाळाचं पोट उघडायचं की पोटात नुसती निचऱ्याची नळी टाकायची, यावर अमेरिकेत ३१० बाळांची मोठी चाचणी झाली. निकाल २०२१मध्ये आला. एकूण पाहता दोन्ही उपाय सारखेच ठरले: मृत्यू किंवा मेंदूच्या वाढीतला दोष ६९ आणि ७० टक्के. पण शस्त्रक्रियेआधी ज्यांचं निदान एनईसी होतं, त्यांच्यात पोट उघडल्यास ६९ टक्के आणि नळी टाकल्यास ८५. एकट्या छिद्राचं निदान असेल तर पोट उघडल्यास ६९, नळी टाकल्यास ६३. म्हणजे हा आजार की तो, हे सर्जनला आधी कळलं तर बाळाचं भवितव्य बदलू शकतं. ज्या तपासणीने हे दोन आजार वेगळे करून दाखवले, तिचं स्वागत हातचं काही राखून न ठेवता करावं. पण बहुतेक अभ्यास एनईसीची बाळं एका बाजूला आणि निरोगी बाळं दुसऱ्या बाजूला उभी करून थांबतात. निरोगी बाळ ओळखायला सर्जनला प्रयोगशाळा लागत नाही.

न टोचता होणाऱ्या निदानाचं खरं काम करू शकेल असं यंत्र तर बहुतेक मोठ्या रुग्णालयांत आधीच आहे. ते म्हणजे सोनोग्राफी. आतड्याची भिंत जाड झाली की पातळ, तिच्यात रक्त खेळतंय की नाही, हालचाल आहे की थंडावली, पोटात गढूळ पाणी आहे का, हे एक्स-रेला दिसत नाही, सोनोग्राफीला दिसतं. टोरांटोच्या बाल रुग्णालयात फाइनगोल्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवलं, की कुजलेलं आतडं ओळखताना एक्स-रेवरची मोकळी हवा दहांत चारच बाळांत दिसते, तर रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीवर तो नसल्याची खूण सगळ्यांत मिळाली. अभ्यास लहान होता, आणि नंतरच्या कामांतून कळलं की सोनोग्राफीत खूण सापडली तर ती भरवशाची असते, न सापडली म्हणून निश्चिंत होता येत नाही. करणाऱ्याचा हातही सरावाचा लागतो. तरीही ती बाळाच्या खाटेपाशी होते, दिवसातून तीनदा करता येते आणि आतड्यात आत्ता काय चाललंय ते दाखवते.

आपल्याकडे तिला वेगळीच अडचण आहे. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४च्या कायद्याखाली सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र नोंदवावं लागतं, आणि फिरत्या यंत्राला नोंदवलेल्या जागेबाहेर नेता येत नाही. महाराष्ट्राने या कायद्याची अंमलबजावणी उगाच कडक केली नाही. कोल्हापूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवले, त्यामागे मुलींचा घसरता आकडा होता. कायदा हवाच. पण पेटीतल्या बाळाचा जन्म झालेला आहे, ते मुलगा की मुलगी हे खाटेवरच्या चिठ्ठीत लिहिलेलं आहे. त्याचं आतडं पाहण्याची वाट नवजाततज्ज्ञांना सोपी करून दिली, तर कोणाचा गर्भ धोक्यात येतो? नव्या चाचण्यांसाठी जेवढा आवाज उठतो, त्याच्या निम्माही या मागणीसाठी उठत नाही. विकायला काही नसलं की असंच होतं, दुसरं काय.

२०२० साली भारतात ३० लाखांहून अधिक बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली, जगात सर्वाधिक. त्यांतली बरीच जिल्हा रुग्णालयांच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षांत, येतात. लहान मुलांचा सर्जन तिथे सहसा नसतो, बाळाला अँब्युलन्सने मोठ्या शहरात न्यावं लागतं. इथे समर्थकांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. बाळ कधी हलवायचं, हे एखादी तपासणी वेळेत सांगू शकली, तर जिल्ह्याच्या ठिकाणी तिचा उपयोग अमेरिकेपेक्षा जास्त होईल. पण मग तिचे अभ्यास तिथे झाले पाहिजेत. आणि किलोभर वजनाचं निरोगी बाळ खोट्या इशाऱ्यावर तीन तासांच्या प्रवासाला काढलं, तर वाटेत त्याचं काय होतं, तेही मोजलं पाहिजे.

‘मग तोवर बाळं मरू द्यायची का?’ हा आक्षेप शेवटी येतोच. आजार टाळण्याचे उपाय हाताशी नसते, तर त्यात दम होता. अपुऱ्या दिवसांत कळा सुरू झालेल्या आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन वेळेत मिळालं, तर बाळाला एनईसी होण्याचा धोका जवळपास निम्मा होतो, आणि ते इंजेक्शन स्वस्त आहे. लुकास आणि कोल यांनी १९९०मध्ये ९२६ बाळांचा अभ्यास छापला. नुसत्या डब्याच्या दुधावर वाढलेल्या बाळांत निश्चित एनईसी आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा सहा ते दहापट आढळला. आईचं दूध नसेल तेव्हा दात्या आईचं दूध आणि डब्याचं दूध यांची तुलना केली, तर डब्याच्या बाजूला धोका दुपटीच्या जवळ जातो. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केली, ती मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात. एखाद्या रुग्णालयाकडे एकाच गोष्टीपुरता पैसा असेल, तर शी तपासण्याच्या किटआधी दूध पाश्चराइज करण्याचं यंत्र आणि आयांचं दूध काढून घ्यायला बसवलेली एक नर्स यायला हवी.

चाचण्यांवर बंदी घाला, असं कुणी म्हणत नाही. त्यांना योग्य प्रश्न विचारा, एवढंच म्हणणं आहे. त्या वापरायच्याच तर सगळ्या बाळांवर सरसकट नकोत, पोट फुगलेल्या, शंका आलेल्या बाळांवर वापराव्यात. समजा, तिथे तिनांत एक खरा आजारी आहे. मग तीच नव्वद टक्क्यांची तपासणी शंभर बाळांत ३७ जणांना आजारी ठरवेल आणि त्यांत तीस खरे असतील. उरलेल्या ६३ बाळांचं दूध त्याच रात्री पुन्हा सुरू करता येईल. त्यांत तीन निसटलेली असतील, आणि ‘निगेटिव्ह’ कागदावर भरवसा ठेवून दूध सुरू करण्याची हिंमत किती डॉक्टर करतील, हे आकड्यांतून कळत नाही. ते पाहायचं तर काही एनआयसीयूंत तपासणी द्यायची, काहींत नाही, आणि किती दिवस दूध बंद राहिलं, किती दिवस अँटिबायोटिक्स चालली, किती बाळांच्या शिरांत नळ्या गेल्या, किती जगली, हे मोजायचं. समर्थक म्हणतात, की एवढी बाळं गोळा करणं खर्चिक आहे, त्यात वर्षं जातील. रोजचं दूध १८ मिलीने वाढवायचं की ३० मिलीने, एवढ्याच प्रश्नासाठी २,८०४ बाळांच्या आईबापांनी संमती दिली होती, आणि त्या चाचणीच्या पाठीशी विकण्याजोगं काहीही नव्हतं.